पट्टा पडल्यावर हाताला काम लवकर कसं लागेल?



कारखान्यांचे पट्टे पडले. सांगली, कोल्हापूर, बेळगावकडं गेलेले कोयते आता गावी परतू लागलेत. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांवर बंद घरांची कुलपं निघायला लागली. पुढचा हंगाम दिवाळीच्या पुढंमागं. मधले सहा-सात महिने काढायचे कसे, हा प्रश्न दरवर्षी गटाच्या बैठकीत निघतो. म्हणून आज आपण कामाविषयीच बोलू.

काम लवकर मिळणं का महत्त्वाचं? हातात पैसा नसला की मिरगाला बियाणं, शाळा उघडताना वह्या-कपडे आणि मधेच निघालेला दवाखाना, सगळ्यासाठी मुकादमाचं दार दिसतं. गरजेपायी घेतलेली उचल वाढत जाते, आणि ती वाढली की बोलणीत आपला शब्द राहत नाही. कोणत्या कारखान्यावर जायचं, बाळंतीण सून सोबत न्यायची की घरी ठेवायची, पोरीची शाळा चालू ठेवायची की नाही, हे मग दुसराच ठरवतो. एप्रिल-मे महिन्यांत काम लागलं, तर तेवढी उचल कमी घ्यावी लागते. काम लवकर हवं ते यासाठी.

आपल्या गावात मिळू शकणारं सगळ्यात जवळचं काम म्हणजे रोजगार हमीचं. 1972 च्या दुष्काळात आपल्या सासवा-आज्या ज्या खडी फोडायच्या आणि तलावाच्या कामांवर गेल्या, त्यातूनच या योजनेनं मूळ धरलं. वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली. महाराष्ट्रानं 1977 साली तिचा कायदा केला, आणि देशाचा कायदा 2005 साली झाला. हा कायदा म्हणतो, की मजुरानं काम मागितलं तर सरकारनं ते दिलं पाहिजे.

यातला ‘मागितलं तर’ हा शब्द नीट ऐका. आपण बहुतेक जणी काम मागत नाही, विचारतो. रोजगार सेवक रस्त्यात भेटले की म्हणतो, “भाऊ, काही काम निघालं का?” ते म्हणतात, “निघालं की सांगतो.” हे बोलणं हवेत जातं. कागदावर गावातून मागणी शून्य दिसते, आणि मागणी नाही म्हणून काम सुरू होत नाही. आपण कामाची वाट पाहत बसतो आणि काम आपल्या अर्जाची.

मग अर्ज कसा करायचा? कामाच्या मागणीसाठी नमुना क्रमांक 4 चा अर्ज असतो. तो ग्रामपंचायतीत द्यायचा, तिथं घेत नसतील तर तहसील कार्यालयात. सगळ्या जणी मिळून एकत्र अर्जही देता येतो. त्यात नाव, जॉबकार्डाचा नंबर, कोणत्या तारखेपासून आणि किती दिवस काम हवं ते लिहायचं. निदान सलग 14 दिवसांचं काम मागा. अर्ज आगाऊही देता येतो. म्हणजे पट्टा पडायची तारीख कळली, की गावी पोचायच्या दिवसापासूनचं काम आधीच मागता येतं.

अर्ज दिला की तारखेची पोच घ्यायचीच. त्या तारखेपासून 15 दिवसांत काम द्यायचं बंधन आहे. आगाऊ अर्ज असेल, तर आपण मागितलेल्या तारखेपासून दिवस मोजतात. त्या मुदतीत काम दिलं नाही, तर बेरोजगार भत्ता लागू होतो: पहिले 30 दिवस मजुरीच्या चौथा हिस्सा आणि पुढं निम्मा. पोच नसेल तर 15 दिवस कधी सुरू झाले हे कोण सांगणार? म्हणून एखादा म्हणाला, “पोच कशाला, माझ्यावर भरवसा नाही का?” तर शांतपणे सांगायचं, “भरवसा आहे, पण पोच द्या.”

2024 साली निवडणूक होती. आपल्या जिल्ह्यात 13 मे ला मतदान झालं. अशा वेळी “आचारसंहिता लागली, आता काम नाही,” असं कुणी सांगेल. चालू असलेल्या कामांवर मागणी करणाऱ्या मजुरांना आचारसंहितेतही काम देता येतं. चालू काम नसेल, तर आधी मंजूर होऊन यादीत असलेलं काम सुरू करायची सोय आहे. तेव्हा अर्ज थांबवू नका.

आता मजुरीचं. 1 एप्रिल 2024 पासून आपल्या राज्यात रोजचा दर 297 रुपये झाला होता. मातीकामात मोजमापाप्रमाणं पैसे निघतात. ठरलेलं माप भरलं तर पूर्ण दर, कमी भरलं तर कमी. म्हणून मोजमापाच्या वेळी आपल्यातली एक जण तिथं हजर असावी. त्या दरानं सहा दिवसांचे पूर्ण पैसे धरले तर एकीचे 1782 रुपये होत होते, नवरा-बायको दोघांचे 3564. केंद्राच्या योजनेतले दिवस घरटी असतात, माणशी नाही. त्यापुढच्या दिवसांचा खर्च राज्य सरकार करतं.

काम मिळूनही पैसे अडकतात ते कागदांमुळं. त्यासाठी चार गोष्टी आधी पाहून घ्या.

पहिली, जॉबकार्ड चालू आहे का? सहा महिने बाहेर राहिलेल्यांची नावं कधी कधी कमी झालेली असतात. यादीत नाव पाहा. नसेल तर नव्यानं नोंदणी करा. जॉबकार्ड फुकट मिळतं, त्याचा फोटोही फुकट.

दुसरी, विधवा, टाकलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला स्वतःचं वेगळं जॉबकार्ड मिळू शकतं. दिराच्या नाहीतर भावाच्या कार्डावर राहिलं, तर दिवसांत वाटणी होते.

तिसरी, जॉबकार्ड, आधार आणि बँक पासबुक या तिन्हींवर नाव एकसारखं हवं. एकीकडं माहेरचं नाव, दुसरीकडं सासरचं, अशानं मजुरी अडते. 1 जानेवारी 2024 पासून मजुरी आधारावरच जमा होते. दोन बँकांत खाती असतील, तर आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं त्यात पैसे जातात. ते खातं कोणतं, हे बँकेत विचारून घ्या.

चौथी, सार्वजनिक कामावर मोबाईलनं दिवसातून दोन वेळा फोटो काढून हजेरी लागते. दोन्ही वेळा कामावर असा, नाहीतर घाम गाळूनही खाडा पडतो.

कामाच्या जागी पाणी, सावली आणि औषधपेटी हवी. पाच किंवा जास्त लहान लेकरं असली, तर ती सांभाळायला एका बाईला नेमायचं, आणि तिलाही मजुरी द्यायची. पोटुशी किंवा म्हातारी बाई हे काम मागू शकते. काम पाच किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर 10 टक्के मजुरी जास्त मिळते.

एकट्या बाईला हे सगळं जड जातं, हे आम्ही गावोगाव पाहतो. ती गेली की साहेब बाहेर गेलेले असतात. दहा-बारा जणी एकत्र गेल्या की खुर्ची पुढं येते. म्हणून गटाच्या वहीत एक पान कामाच्या मागणीसाठी ठेवा. अर्जाची तारीख, पोच मिळाली का, पंधरावा दिवस कधी, हजेरी किती, पैसे कधी जमा झाले, एवढं लिहा. मस्टर पुरं झाल्यापासून 15 दिवसांत मजुरी मिळायला हवी. उशीर झाला तर हे पान घेऊन तहसीलला जाता येतं. लिहिता येणारी सून नाहीतर दहावीतली पोर हे काम सहज करेल.

रोजगार हमीनं ऊसतोड लगेच सुटेल, असं आम्ही म्हणत नाही. पण उन्हाळ्यात घरात आलेली मजुरी उचलीच्या वेळी कामी येते. ज्या घरात दोन महिन्यांचं धान्य आणि पेरणीचा पैसा आहे, ते घर मुकादमाला “थांबा, विचार करून सांगतो” म्हणू शकतं.

तर या आठवड्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की जॉबकार्डं बाहेर काढा, अर्ज भरा आणि सोमवारी सगळ्या मिळून ग्रामपंचायतीत जा. येताना पोच घेऊन या.