निळा पडदा दिसताच ‘फॉरमॅट’ची घाई नको

काम ऐन भरात असताना संगणकाचा पडदा एकाएकी निळा होतो, त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर उमटतो आणि जतन न केलेले काम नाहीसे होते. यंत्र दुकानात नेले, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ वाशिम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावातून त्यासाठी मानोरा, कारंजा किंवा वाशिमची वाट धरावी लागली, तर दिवस मोडतोच. शिवाय मुलांची छायाचित्रे, अर्जांच्या प्रती, दुकानाचा हिशेब असे वर्षानुवर्षांचे संचित पुसले जाण्याची धास्ती वेगळी. वास्तविक बहुतांश प्रकरणांत या टोकाच्या उपायाची गरजच नसते.

निळा पडदा हा विंडोजने स्वसंरक्षणासाठी घेतलेला थांबा आहे. एखादे साधे सॉफ्टवेअर बिघडले, तर तेवढेच बंद पडते. मात्र ‘कर्नल’ म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, किंवा त्याच्याशी थेट जोडलेल्या ड्रायव्हरमध्ये चूक झाली आणि काम तसेच रेटले, तर डिस्कवरील माहितीच बिघडण्याचा धोका असतो. म्हणून विंडोज सारे काम थांबवते आणि कारणाची नोंद ठेवते.

याचा सर्वांत मोठा अनुभव जगाने १९ जुलै २०२४ रोजी घेतला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक सदोष फाइल धाडली. सुमारे सव्वा तासात ती मागे घेण्यात आली; पण तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणक कोलमडले होते. मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर चेक-इन रखडले, काही प्रवाशांच्या हाती तर चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. एवढ्या गोंधळावरचा उतारा काय होता? संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचा, ती एक फाइल पुसायची आणि यंत्र पुन्हा चालू करायचे. फॉरमॅटची गरज नव्हती.

घरच्या संगणकाबाबतही हाच क्रम धरावा. सर्वप्रथम मोबाइलने पडद्याचे छायाचित्र काढावे. ‘स्टॉप कोड’ या शब्दांपुढील मजकूर आणि एखाद्या फाइलचे नाव दिसत असेल तर तेही, हा दुरुस्तीचा खरा धागा. पडदा क्षणात नाहीसा होत असेल, तर ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागातील आपोआप रिस्टार्ट होण्याची खूण काढून टाकावी.

दुसरा प्रश्न, काल-परवा काय बदलले? नवा प्रिंटर, नवे ग्राफिक्स कार्ड, नुकतेच झालेले अपडेट, की दुसरा अँटिव्हायरस? शिफ्टची कळ दाबून धरून ‘रिस्टार्ट’ निवडले, की विंडोज १० आणि ११ मध्ये दुरुस्तीचे पर्याय उघडतात. तेथून सेफ मोडमध्ये जाऊन नवा ड्रायव्हर काढता येतो. ताजे अपडेटही याच पर्यायांतून मागे घेता येते. यंत्र मुळात सुरूच होत नसेल, तर विंडोजचे चिन्ह दिसताच पॉवरचे बटण दाबून धरून ते बंद करावे. असे दोन-तीनदा केल्यावर हेच पर्याय समोर येतात.

दर वेळी वेगळाच कोड येत असेल, तर मात्र संशय रॅमवर घ्यावा. ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ ही चाचणी विंडोजमध्येच असते. डेस्कटॉप असल्यास वीजजोड पूर्ण काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी आणि रॅमची पट्टी बाहेर काढावी. तिच्या सोनेरी कडा स्वच्छ खोडरबरने हलकेच घासून, भुकटी पुसून ती पुन्हा घट्ट बसवावी. ऐकायला हास्यास्पद वाटणारा हा उपाय दुरुस्ती करणारे उगाच करत नाहीत. कडांवर साचलेला थर संपर्क तोडतो. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, दोषी कोण ते कळते.

विदर्भातील उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा धुळीने माखलेला पंखाही कारण ठरतो. अर्थात, अतितापलेले यंत्र अनेकदा निळा पडदा न दाखवता थेट बंद पडते. वीज अचानक जाण्याने डिस्कवरील फाइली बिघडतात, तर विजेचा दाब सतत खाली-वर होत असेल आणि एसएमपीएस जुना असेल, तर बिघाडाचे मूळ तेथेही सापडू शकते. अशा वेळी विंडोज दहादा नव्याने टाकले, तरी पडदा निळा होतच राहणार.

डिस्कमधून खटखट आवाज येत असेल किंवा फाइल उघडायला कमालीचा वेळ लागत असेल, तर ‘चेक डिस्क’ चालवण्याआधी महत्त्वाची माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. ती तपासणी मरणासन्न डिस्कवर आणखी ताण टाकते. पुष्कळ जण नेमका हा क्रम उलटा करतात.

२०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मधील या पडद्याचा निळा रंग काढून तो काळा केला. रंग बदलला तरी स्टॉप कोड तेथे असतोच. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहेत.

इतके करूनही यंत्र दुकानात न्यावेच लागले, तर काढलेले छायाचित्र दाखवावे आणि माहितीची प्रत घेतल्याखेरीज डिस्क पुसू नये, असे स्पष्ट सांगावे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी, कारण ती नसेल तर दुकानदारालाही माहिती वाचवता येत नाही.