मोटारसायकलच्या कार्बोरेटरांतील चोरटी हवा

डेअरीवर दूध पोंचविणें, बियाणें आणणें, मळ्यावर खेप घालणें हीं कामें आज पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं मोटारसायकलवर होतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाल्यावर नव्या गाड्यांतून कार्बोरेटर बहुतांशीं गेला. तथापि जुन्या गाड्या अद्याप गांवोगांव चालू आहेत, व त्यांच्या एका दुखण्याविषयीं येथें लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. ही हवा कार्बोरेटरच्या तोंडांतूनच गेली पाहिजे. कार्बोरेटर व इंजिन यांमधील सांध्यांतून चोरटी हवा शिरली, म्हणजे पेट्रोलाचें प्रमाण उणें पडतें. मग उभ्या गाडीची रेस आपोआप चढते, मूठ सोडली तरी लवकर उतरत नाहीं, सायलेन्सरांत फटफट आवाज होतो आणि प्लग पांढुरका पडतो. अशा वेळीं स्क्रू पिळून रेस खालीं आणण्याची जी सर्रास चाल आहे, ती आमच्या मतें घातक होय. लक्षण झांकलें जातें. इंजिन मात्र तापतच राहतें, आणि एखादे दिवशीं ऐन हंगामांत पिस्टन जाम होतो. हल्लींच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. त्यांतील कांहीं आपल्याच उसाचें, हें खरें. पण त्यानेंही हवेचें प्रमाण थोडें वाढल्यासारखेंच होतें.

दोष शोधण्यास गाडी थंड असतां चालू करावी आणि साबणाचें पाणी कुंचल्यानें एकेका सांध्यावर लावावें. जेथें लावतांच इंजिनाचा आवाज क्षणभर बदलेल, तेथें गळती आहे असें समजावें. या कामीं पेट्रोल मुळींच शिंपडूं नये. आग लागण्याचें भय असतें.

मग पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर उतरवावा. रबरी नळी हातानें वांकवून पाहावी. चीर दिसल्यास चिकटवीत न बसतां नवी घालावी. चपटी झालेली ओ-रिंग व फाटलेलें पॅकिंगही बदलावें. इतकें करूनही हवा शिरत असेल, तर बहुधा कार्बोरेटरचा बसका वांकलेला असतो. एकच नट आधीं घट्ट आवळल्याचा हा परिणाम. बसका सपाट कांचेवर ठेवून उजेडासमोर धरावा. मधून उजेड दिसल्यास कांचेवर बारीक पॉलिशपेपर अंथरून सर्वत्र सारखी चकाकी येईपर्यंत हलक्या हातानें घांसावा. घांसल्यावर धूळ पेट्रोलनें धुऊन काढावी. बसवितांना दोन्ही नट आळीपाळीनें, थोडे थोडे आवळावे.

टू-स्ट्रोक गाडींत सांधे नीट असूनही रेस चढत असेल, तर क्रँकचें सील गेलेलें असण्याचा संभव असतो. तें काम घरीं होण्यासारखें नाहीं. इतर गाड्यांत इंजिन गरम झाल्यावरच रेसचा स्क्रू लावावा, आणि आठ दिवसांनीं प्लग काढून पाहावा. रंग तपकिरी आला असल्यास सांधा हवाबंद झाला असें समजण्यास हरकत नाहीं.