खेळातले गाव: आकडे, नियम आणि चीट कोड

पैसे संपले की एक गुप्त शब्द टंकायचा आणि गावाची तिजोरी भरायची. तेवढ्याने भागले नाही, तर जतन केलेल्या खेळाची फाइल उघडून तिच्यातले आकडेच बदलायचे. गाव किंवा शहर वसवण्याचे संगणकीय खेळ खेळणाऱ्या मुलांना या दोन्ही युक्त्या माहीत असतात. पहिलीला ती 'चीट कोड' म्हणतात, दुसरीला 'सेव्ह एडिटिंग'. वर्गात हा विषय निघाला तर 'ही लबाडी आहे' एवढे म्हणून आपण तो संपवतो. परंतु या लबाडीत विज्ञानाच्या शिक्षकाला उपयोगी पडेल असे बरेच काही आहे. प्रारूप म्हणजे काय, त्यातली माहिती कोणती आणि नियम कोणते, प्रारूपाच्या उत्तरावर कितपत विसंबावे, हे प्रश्न मुले इथे आपणहून हाताळत असतात.

एका खेळाची जन्मकथा

या प्रकारच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'सिमसिटी'. विल राइट या अमेरिकन तंत्रज्ञाने तो तयार केला आणि मॅक्सिस या कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणला. त्याआधी राइट यांनी बेटांवर बाँब टाकण्याचा एक खेळ लिहिला होता. बेटे उद्ध्वस्त करण्यापेक्षा ती रचण्यातच जास्त मजा येते, असे त्यांच्या लक्षात आले, आणि त्यातून शहर वसवण्याची कल्पना पुढे आली. एमआयटीचे जे फॉरेस्टर यांच्या 'अर्बन डायनॅमिक्स' (१९६९) या पुस्तकाचाही त्यांच्यावर प्रभाव होता. शहराची वाढ आणि घसरण समीकरणांनी मांडण्याचा तो प्रयत्न होता.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची घटना २००८ सालची. मुलांसाठी स्वस्त संगणक बनवणाऱ्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पासाठी मूळ सिमसिटीची आज्ञावली 'मायक्रोपोलिस' या नावाने सर्वांना खुली करण्यात आली. याच प्रकल्पाचे संगणक २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत आले होते. आज्ञावली खुली झाल्यामुळे चीट कोड आत नेमके काय करतो, हे कोणालाही वाचून पाहता येते.

गाव म्हणजे आकड्यांची यादी

मायक्रोपोलिसमधील गाव १२० उभ्या स्तंभांचे आणि १०० आडव्या ओळींचे असते. म्हणजे एकूण १२,००० चौकोन. प्रत्येक चौकोनासाठी फाइलमध्ये एक संख्या लिहिलेली असते आणि ती १६ बिटांची, म्हणजे २ बाइटांची असते. त्यांतले १० बिट त्या चौकोनात कोणते चित्र आहे ते सांगतात. ० म्हणजे मोकळी जमीन, २ म्हणजे नदी, ६६ म्हणजे आडवा रस्ता, ६७ म्हणजे उभा रस्ता. उरलेले ६ बिट 'होय की नाही' अशा प्रश्नांची उत्तरे असतात: इथे वीज आहे का, हे जळू शकते का, बुलडोझरने पाडता येते का, इत्यादी.

आता हिशोब पाहा. १२,००० चौकोनांचे २४,००० बाइट. त्यांच्या आधी लोकवस्ती, व्यापार, उद्योग, गुन्हे, प्रदूषण आणि पैसा यांच्या इतिहासाचे प्रत्येकी ४८० बाइट, म्हणजे २,८८० बाइट. शिवाय किरकोळ नोंदींचे २४० बाइट. एकूण २७,१२०. गाव ओसाड असो की गजबजलेले, फाइल तेवढीच राहते.

गावाची शिल्लक २,९८० व्या बाइटपासून पुढच्या चार बाइटांत असते (मोजणी शून्यापासून). दशमान पद्धतीत जशी एकक, दहक, शतक ही स्थाने, तशी इथे स्थानांची किंमत १, २५६, ६५,५३६ आणि १,६७,७७,२१६ अशी असते. सोप्या पातळीवर खेळ सुरू होतो तेव्हा तिजोरीत २०,००० डॉलर असतात. फाइलमध्ये ते ०, ०, ७८, ३२ असे दिसतात, कारण ७८ × २५६ + ३२ = २०,०००. यातल्या दुसऱ्या शून्याच्या जागी १ लिहिला की शिल्लक एकदम ८५,५३६ होते. स्थानिक किमतीचा धडा यापेक्षा उत्साहाने शिकलेली मुले क्वचितच सापडतील.

चीट कोडच्या आत काय असते?

या खेळात एफ, यू, एन, डी ही चार अक्षरे टंकली की तिजोरीत १०,००० डॉलर जमा होतात. आज्ञावलीत पैसे 'जमा करा' अशी वेगळी सूचना यासाठी लिहिलेली नाही. खर्च करण्याची जी नेहमीची सूचना आहे, तिलाच 'उणे १०,००० खर्च करा' असे सांगितले आहे. उणे खर्च म्हणजे जमा. ऋण संख्या वजा केली की बेरीज का होते, असे विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण जरूर दाखवावे.

त्याच्या लगेच पुढे एक मोजणी ठेवलेली आहे. ही युक्ती किती वेळा वापरली ते खेळ मोजतो आणि पाचव्या वेळी भूकंप घडवतो. याचा अर्थ असा की चीट कोड खेळ मोडून आत शिरत नाही. तो खेळ लिहिणाऱ्यानेच ठेवलेला मागचा दरवाजा असतो, आणि त्याची शिक्षाही त्यानेच ठरवलेली असते.

कोणते बदल टिकतात?

फाइलमधले आकडे बदलताना मात्र अशी परवानगी लागत नाही. तरीही सगळेच बदल टिकत नाहीत. बोधप्रद भाग खरा इथे आहे.

शिल्लक बदलली तर ती टिकते. मोकळ्या जागेवर रस्त्याचा आकडा लिहिला तर रस्ता दिसू लागतो. मात्र 'पाडता येते' हा बिट चढवायला विसरलात, तर तो रस्ता बुलडोझरलाही हलत नाही. कराचा दर ५० टक्के करून पाहा. फाइल उघडताना आज्ञावली तपासते, २० पेक्षा मोठा दर नाकारते आणि निमूटपणे ७ टक्के लावते. एखाद्या घरावर 'वीज आहे' असे लिहून ठेवा. वीज केंद्रापासून तारा कुठवर पोचल्या आहेत हे खेळ पुन्हा मोजतो आणि घर अंधारात जाते.

म्हणजे काही आकडे मूळ माहितीचे असतात, तर काही नियमांमधून निघालेले असतात. उत्तर खोडून दुसरे लिहिले तरी गणित पुन्हा केले की जुनेच उत्तर येणार. तापमापीचा पारा फुंकर घालून चढवला म्हणून खोली तापत नाही, तसाच हा प्रकार.

कसाल वसवून पाहू

आता हे आपल्या भागाला लावून पाहू. सिंधुदुर्गातील कसाल हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. कणकवलीहून कुडाळकडे जाताना इथे मालवणचा रस्ता पश्चिमेकडे फुटतो. एक चौकोन २० मीटरचा धरला तर खेळाच्या नकाशात २.४ किलोमीटर × २ किलोमीटर एवढा भाग मावतो. तिठा आणि त्याभोवतीची वस्ती रचायला तो पुरेसा आहे. महामार्गासाठी ६७, मालवण रस्त्यासाठी ६६, नदीसाठी २ असे आकडे लिहीत गेले, की पैसा खर्च न करता फाइलमध्येच तिठा तयार होतो.

परंतु थोड्याच वेळात अडचणी सुरू होतात. या खेळात घरे, दुकाने आणि कारखाने यांचे चौकोन वेगवेगळे असतात. रस्त्याकडे दुकान आणि मागे राहते घर ही आपल्या बाजारपेठेतली नेहमीची रचना त्याला ठाऊकच नाही. त्यात पाणीपुरवठा नाही. जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. हे मांडायला खेळात ना पाऊस आहे, ना विहीर, ना जांभा दगड. तिजोरीत कोट्यवधी डॉलर भरले तरी पाण्याचा प्रश्न तिथे उभाच राहत नाही, मग सुटणार कसा?

कराचेही तसेच. सोप्या पातळीवर ७ टक्के कराचा गावाच्या वाढीवर काहीच परिणाम होत नाही, त्याहून कमी कराने वाढ होते आणि जास्त कराने ती रोखली जाते. हा सात आज्ञावली लिहिणाऱ्याने एका कोष्टकात लिहून ठेवला आहे. मुलांना मात्र खेळता खेळता तो निसर्गनियमासारखा वाटू लागतो. चीट कोडने रक्कम बदलते, फाइलमधल्या आकड्यांनी स्थिती बदलते, पण नियम जागच्या जागी राहतात. ते बदलायचे तर आज्ञावलीच उघडावी लागते.

वर्गात काय करता येईल?

संगणक नसला तरी चालेल. चौकटीच्या कागदावर १२ × १० चौकोन आखा. ० मोकळी जमीन, १ पाणी, २ रस्ता, ३ घर, ४ दुकान असे आकडे ठरवा. एका गटाने आपल्या वाडीचा नकाशा फक्त आकड्यांत लिहावा आणि दुसऱ्या गटाने त्यावरून चित्र रंगवावे. नंतर कोणी तरी गुपचूप एक आकडा बदलावा आणि इतरांनी तो शोधावा.

पुढच्या तासाला एक नियम द्या: 'ज्या घराच्या शेजारच्या एकाही चौकोनात रस्ता नाही, ते पुढच्या वर्षी रिकामे होते.' हा नियम दोन-तीन वर्षे चालवा. मग विचारा, आपल्या वाडीत असे खरोखर होते का? पाणंदीच्या टोकाची घरे का टिकून आहेत? मुले नियमावर हरकत घेतील, दुसरा सुचवतील, त्यावरून वाद होईल. तो होऊ द्यावा.

धरण, महामार्ग, साथीचा रोग, हवामान यांविषयीचे निर्णय आज प्रारूपांच्या आधारे घेतले जातात आणि त्यांचे निष्कर्ष आकडे व आलेख होऊन लोकांपुढे येतात. ते पाहून तीन प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागली पाहिजे: आकडे कोठून आले, नियम कोणी लिहिले आणि काय वगळले? खेळातल्या गावाची तिजोरी भरून पाहिलेला मुलगा किंवा मुलगी यांतला पहिला प्रश्न विचारायला आधीच शिकलेली असते. पुढचे दोन आपण शिकवायचे.