केकवरचे आयसिंग आणि कच्चे अंडे



नाताळ जवळ आला की आपल्या घराघरांत नेवऱ्या, कुलकुल आणि केकची तयारी सुरू होते. केकवर पांढरे आयसिंग घालण्याची कृती पुष्कळ घरांत सासूकडून सुनेकडे आलेली आहे. अंड्यातील पांढरे, दळलेली साखर व लिंबाचा रस घेऊन हात दुखेपर्यंत फेटायचे, एवढीच ती कृती. रीत मूळची विलायतेची. इंग्लंडमधील एलिझाबेथ रॅफल्ड बाईंनी १७६९ साली पाककृतींचे पुस्तक छापले. त्यात लग्नाच्या केकसाठी पाच अंड्यांचे पांढरे अर्धा तास फेटण्यास सांगितले आहे. म्हणजे आपल्या आज्यांचे श्रम त्यामानाने फार वेगळे नव्हते.

परंतु या कृतीत अंडे कच्चेच राहते. दोन वर्षांपूर्वी एका घरी मुलाच्या पहिल्या कम्युनियनचा केक कापला आणि दुसऱ्या दिवशी सहा मुलांना ताप व जुलाब सुरू झाले. एका लहान मुलीला सलाईन लावावे लागले. देवकृपेने सगळी बरी झाली. नक्की कारण सिद्ध झाले नाही. डॉक्टरांचा संशय मात्र आयसिंगवर होता. त्या घरची आजी मला म्हणाली, "फादर, चाळीस वर्षे मी हेच करते. माझ्या हातचे खाऊन कधी कोणाला काही झाले नाही." त्यानंतर तिने केक करणेच सोडले.

आजीचा हात चुकला नव्हता. साल्मोनेला नावाचे जंतू कोंबडीच्या आतड्यात असतात. विष्ठेबरोबर ते कवचाला लागतात. शिवाय १९८० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेत आढळून आले की, काही वेळा कोंबडीच्या अंडाशयातूनच ते अंड्यात उतरतात. असे अंडे वरून स्वच्छ व अखंड दिसते. कोंबडीही धडधाकट असते. साखरेने किंवा लिंबाने हे जंतू खात्रीने मरत नाहीत. चांगल्या उष्णतेने मरतात. म्हणून कृती टाकायची नाही, तिला फक्त चूल दाखवायची.

साहित्य : दोन अंड्यांतील पांढरे, साखर दीड कप (३०० ग्रॅम), पाणी ५ मोठे चमचे, लिंबाच्या रसाचे ४-५ थेंब, चिमूटभर मीठ.

कृती : टोपात दोन बोटे पाणी उकळत ठेवावे. त्यावर पातेले असे बसवावे की त्याचे बूड पाण्याला टेकणार नाही. पातेल्यात सर्व जिन्नस घालून बीटरने सात मिनिटे न थांबता फेटावे. खालचे पाणी सतत उकळत राहिले पाहिजे. कडेला चिकटलेले मिश्रण मधूनमधून खरवडून आत घ्यावे. मिश्रण चकचकीत होऊन त्याची टोके उभी राहिली की उतरवावे आणि आणखी दोन मिनिटे फेटून लगेच केकवर पसरावे. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असल्यास मिश्रण ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापल्याची खात्री करावी. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब किंवा भांड्यात तेलाचा अंश राहिला तर ते फुगत नाही, हे आजीने सांगितलेले येथेही लागू आहे.

हे आयसिंग मऊ राहते, तेव्हा त्याची कडक फुले होत नाहीत. फुले हवी असतील तर केकच्या सामानाच्या दुकानात मिळणारी मेरिंग पावडर वापरावी. त्याच दिवशी खाल्ले तर चव उत्तम लागते.

आता घरच्या कोंबड्यांविषयी. खुराड्यातील पेंढा वरचेवर बदलावा व अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. तडा गेलेले किंवा फार घाणेरडे अंडे केकसाठी घेऊ नये. साठवायची अंडी धुऊ नयेत, कोरड्या फडक्याने पुसावीत. कारण धुतल्याने कवचावरचे नैसर्गिक आवरण निघते व ओल सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते. अंडी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. केकचे कच्चे पीठही मुलांना चाटू देऊ नये.

इतकी काळजी घेऊनही कोणाला जुलाब झाले तर मीठ-साखर-पाण्याचे ओआरएस लगेच सुरू करावे. शौचात रक्त, जोराचा ताप किंवा मूल मलूल दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध व गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत तर मुळीच थांबू नये.

गेल्या ईस्टरला त्या आजीने पुन्हा केक केला. सून बीटर फिरवीत होती आणि आजी शेजारी बसून घड्याळात सात मिनिटे मोजत होती. पातेले चाटायला सहाही मुले हजर होती, आणि या वेळी आजीने त्यांना अडवले नाही.