स्नोमोबाइलचे बुश : नायलॉन आणि कांसे

स्नोमोबाइलच्या मागील झुलत्या भुजा पोलादी आसांभोवती फिरतात. मध्ये बहुधा प्लास्टिकचे बुश असतात. नायलॉन हलके व स्वस्त खरे, परंतु ते पाणी शोषून फुगते आणि रेतीचे कण त्यात रुततात. भोक लंबगोल झाले की भुजा डळमळू लागते. म्हणून पुष्कळ जण सच्छिद्र काशाचे बुश बसवितात. धातूची भुकटी दाबून व भाजून घडविलेल्या या बुशाच्या घनफळाचा साधारण पाचवा हिस्सा तेलाने भरलेला असतो. मात्र हे तेल सतत व वेगाने फिरणाऱ्या आसालाच खरे उपयोगी पडते. मंद, मागेपुढे होणाऱ्या हालचालीत त्याचा पापुद्रा टिकत नाही. तेथे वरून ग्रीस न दिल्यास झीज स्वस्त बुशाकडून महाग आसाकडे सरकते. बुश दाबून बसविताना त्याचे भोक किंचित आवळते. ते बोथट रीमरने मोठे केले, तर तेलाची छिद्रेच बुजतात.