काळ्या कातळाची दोन वये

शिरूरला घोड नदीच्या पात्रात उतरा, नाहीतर दौंडला भीमेच्या काठी जा. पायाखाली काळा कातळ लागतो. विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो तो यालाच आणि घरातला पाटा-वरवंटाही बहुधा याचाच. या दगडाचे वय किती, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल?

पुस्तकातले उत्तर सोपे आहे. हा बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हारस. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांतलाच हा. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे; त्या मानाने हा अगदी कालचा! पण हे झाले थिजण्याचे वय. ज्या द्रव्यातून हा रस वितळून वर आला, ते किती जुने? जुनी भांडी वितळवून नवा तांब्या घडवला, तर तांब्या नवा. तांबे मात्र जुनेच.

हे दुसरे वय का शोधायचे? पृथ्वीचे पहिले कवच जवळजवळ सारे नाहीसे झाले आहे. ४०० कोटी वर्षांहून जुना खडक मिळणे अतिशय दुर्मीळ. मग पहिल्या ५० कोटी वर्षांचा इतिहास वाचायचा कशावरून?

येथे समस्थानिक मदतीला येतात. एकाच मूलद्रव्याच्या अणूंत प्रोटॉन सारखेच, पण न्यूट्रॉन कमीजास्त असले, की ते एकमेकांचे समस्थानिक होत. समॅरियम-१४६ हा किरणोत्सर्गी अणू आल्फा कण बाहेर टाकतो आणि निओडिमियम-१४२ बनतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे १० कोटी वर्षे. पाच वेळा निम्मा होत गेला, की उरतो केवळ बत्तिसावा भाग. म्हणजे पहिल्या ५० कोटी वर्षांतच हे घड्याळ बहुतेक थांबले.

आता गंमत पाहा. खडक अंशतः वितळला, की निओडिमियम शिलारसात अधिक जाते आणि समॅरियम तुलनेने मागे राहते. अशा रसातून बनलेल्या आद्य कवचात समॅरियमचा वाटा कमी पडला, म्हणून पुढे निओडिमियम-१४२ सुद्धा कमी तयार झाले. मागे राहिलेल्या प्रावरणात ते जास्त झाले. घड्याळ थांबल्यावर हा फरक नव्याने पडू शकत नाही. आजच्या लाव्हात तो दिसला, तर तो त्या आद्य काळाचाच ठसा!

असा ठसा हिंदी महासागरातील रियुनियन बेटाच्या खडकांत मिळाल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. काही खडकांत निओडिमियम-१४२ जास्त, काहींत कमी. फरक दहा लाखांत काही भागांचाच; तो मोजायला अतिशय अचूक मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. संशोधकांच्या मते हे आद्य वितळणे कदाचित ४३९ कोटी वर्षांपूर्वी झाले असावे.

रियुनियनचा शिरूर-दौंडशी काय संबंध? ज्या उष्ण स्थानावर आज ते बेट आहे, त्याच्यावरच ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भूखंड होता, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भूखंड उत्तरेकडे सरकत गेला. मागे लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी वाट उमटली. म्हणजे आपला कातळ आणि रियुनियनचा कातळ हे भाऊबंदच.

पण भावाची खूण आपल्याकडेही असेलच, असे समजू नका. दख्खनचा बराच लाव्हा जुन्या भूकवचातून वाट काढीत वर आला आणि वाटेतले द्रव्य त्यात मिसळले. खोलवरचे कोणते आणि वाटेतले कोणते, हे निवडणे हेच भूशास्त्रज्ञांपुढचे अवघड काम आहे.

पुढच्या सहलीत या कातळाची एखादी ताजी कपची भिंगाखाली धरा. बारीक पोकळ्यांत पांढरे स्फटिक दिसतील. ते लाव्हा थिजल्यावर झिरपत्या पाण्यातून तयार झाले. थिजण्याचे वय एक, मूळ द्रव्याचे दुसरे. मग या स्फटिकांचे तिसरे नव्हे काय?