पाचपट भारी की पाचशे भारी?

१९८५ साली लामार गँट या जेमतेम ६० किलोच्या गड्याने ३०० किलोंची डेडलिफ्ट मारली. वजनाच्या पाचपट! २०१६ मध्ये एडी हॉलने ५०० किलो उचलले (मनगटाला पट्टे बांधून, स्ट्राँगमनच्या नियमांनी), पण गडी स्वतःच १८० च्या पुढे. म्हणजे तिप्पटही नाही.

मग गँटच सरस? नुसत्या भागाकारावर जाऊ नका राव. आकार वाढला की ताकद वर्गाच्या हिशेबाने वाढते, वजन मात्र घनाच्या. भागाकार नेहमी हलक्यांच्याच पथ्यावर पडतो. म्हणून शरीराचं वजन धरून गुण देणारी सूत्रं निघाली: आधी विल्क्स आला, मग डॉट्स आणि जीएल पॉइंट्स. त्यांत बायका-पुरुषांचे गुणक वेगळे. ५७ किलोची पोरगी १२० किलोच्या पठ्ठ्याच्या वर निघाली, की आमच्या जिममध्ये कुणीतरी हमखास पुन्हा कॅल्क्युलेटर काढतं!